प्रमाणपत्राची वाट न पाहता: जिल्हा परिषदेच्या शाळेत ऑटिस्टिक मुलांसाठी वर्ग बदलताना

जून २०२४ ते एप्रिल २०२५ या वर्षात जिल्हा परिषदेच्या एका शाळेत तीन वर्गांची मांडणी, दिवसाचा क्रम, सूचना देण्याची रीत आणि परीक्षेच्या सोयी आम्ही बदलल्या. त्या वर्गांत तीन ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलं शिकतात. दुसरीतला मुलगा तोंडाने शब्द बोलत नाही. चौथीतली मुलगी भरपूर बोलते आणि वर्गात तिच्याबद्दल कुणाचीच तक्रार नसते. सहावीतल्या मुलाचं गणित वर्गाच्या पुढे आहे, हस्ताक्षर मात्र त्यालाही परत वाचता येत नाही. मी तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षिका आहे, त्यामुळे या शाळेत आठवड्यातून एकदाच जाणं व्हायचं. रोजचं काम वर्गशिक्षकांनी केलं. कुठून सुरुवात करायची, किती खर्च येतो आणि कुठे अडतं, हे दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांना कळावं म्हणून वर्ष संपताच लिहून काढते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. "दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र येऊ दे, मग बघू" हे वाक्य बहुतेक शाळांमध्ये ऐकू येतं आणि त्यातच मुलाचं वर्ष जातं. भत्ते, परीक्षेतल्या सवलती, यू-डायस प्लस या सरकारी शालेय नोंदप्रणालीतली नोंद यांना कागद लागतो. घंटेचा आवाज कमी करायला, फळ्याशेजारी चित्रांचं वेळापत्रक लावायला, "माझ्याकडे बघून बोल" असं म्हणणं थांबवायला कागद लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी देणं हे शाळेचं कर्तव्यच आहे. म्हणून कागदाचं काम आणि वर्गाचं काम आम्ही जूनमध्ये एकाच वेळी सुरू केलं. वर्गाचं काम जुलैत दिसू लागलं, पहिला कागद जानेवारीत हातात आला.

शाळा १५ जूनला उघडली. त्याआधी शिक्षक पूर्वतयारीसाठी येतात, तेव्हाच तिन्ही मुलांना पालकांबरोबर रिकाम्या शाळेत बोलावलं. फाटक, वर्गाचं दार, स्वतःचा बाक, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, खिचडी वाढतात ती पडवी आणि वर्गशिक्षकांचा चेहरा, एवढ्यांचे मोबाइलवर फोटो काढले. रंगीत प्रिंट १० रुपये आणि लॅमिनेशन २० रुपये, म्हणजे चार पानांची पुस्तिका १२० रुपयांत होते. प्रिंट शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी नको, निदान दोन दिवस आधी घरी गेली पाहिजे, म्हणजे मूल ती पुन्हा पुन्हा बघतं. दुसरीतल्या मुलाने स्वच्छतागृहाचं पान सोडून बाकीची पानं बघितली. ते स्वच्छतागृह तो वापरणार नाही हे आम्हाला तिथेच कळलं. आत अंधार होता आणि नळ सतत गळत होता. बल्ब आणि वॉशर बदलायला दीडशे रुपये लागले.

पालकांशी बोलताना वैद्यकीय इतिहासापेक्षा तीन प्रश्न जास्त उपयोगी पडतात. त्याला नको असेल तर तो कसं सांगतो? कशात तो तास-तास रमतो? आणि शाळेतून घरी आल्यावर पहिला एक तास कसा जातो? चौथीतल्या मुलीच्या आईने तिसऱ्या प्रश्नावर बराच वेळ काही सांगितलं नाही. मग म्हणाली, दप्तर टाकते आणि कपाटामागे जाऊन बसते, कधी अर्धा तास रडते. शाळेच्या नोंदीत मात्र तीन वर्षं "शांत, हुशार, आज्ञाधारक" असंच लिहिलेलं होतं. दिवसभर इतरांसारखं वागण्यात ती सगळी ताकद खर्च करत होती. असं मूल शाळेला दिसतच नाही, म्हणून हा प्रश्न प्रत्येक पालकाला विचाराच.

पहिले दोन आठवडे वर्गात काहीही बदललं नाही, फक्त नोंदी ठेवल्या. वहीच्या पानावर सहा रकाने आखले: वेळ, जागा, त्याआधी काय घडलं, तेव्हा आवाज-उजेड-वास-गर्दी कशी होती, मुलाने काय केलं, मोठ्यांनी काय केलं. शेवटचा रकाना भरायला शिक्षकांना जड जातं, पण खरी माहिती त्यातच असते. "ओरडला", "हट्ट केला" असे शब्द लिहायचे नाहीत. "कानांवर हात ठेवले, बाकाखाली गेला" असं जे दिसलं तेच लिहायचं. ३६ मुलांचा वर्ग सांभाळून हे लिहिणं अवघड आहे, त्यामुळे दिवसातून तीनच नोंदी करायच्या असं ठरवलं होतं.

महिनाअखेरीस तिन्ही वर्गांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर त्रासाच्या वेळा ठरलेल्या निघाल्या. परिपाठाचा ध्वनिक्षेपक. लोखंडी घंटा. स्टीलच्या ताटांचा खणखणाट आणि खिचडीची रांग. एखादे गुरुजी रजेवर असले की दोन वर्ग एकत्र बसवणं. आणि पत्र्याच्या छपरावरचा पाऊस, ज्यात दुसरीच्या बाईंना स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. मुलाच्या "वागण्यावर" उपाय शोधायला जमलेले शिक्षक त्या दिवशी इमारतीबद्दल बोलू लागले. माझ्या मते वर्षातली सगळ्यात मोलाची बैठक ती होती.

जुलैत आवाजाचं काम घेतलं. बाकांचे लोखंडी पाय शहाबादी फरशीवर कर्कश वाजतात. सायकलच्या दुकानातून जुन्या ट्यूब आणल्या, चार बोटं रुंद तुकडे कापून पायांना ताणून बसवले. खर्च शून्य, पण दोन-तीन महिन्यांत ते झिजतात, दिवाळीच्या सुट्टीत बदलावे लागतात. घंटा दुसरीच्या दारावरच टांगलेली होती, ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. शिपाईमामा घंटा देण्याआधी दुसरीच्या दारात येऊन हाताची पाच बोटं दाखवू लागले. कळत असलेला आवाज आणि अचानक आदळलेला आवाज यांत त्या मुलासाठी फार अंतर आहे. परिपाठाचा ध्वनिक्षेपक मुलांच्या रांगांकडून वळवून मैदानाकडे केला, आणि दुसरीतल्या मुलाला परिपाठाला व्हरांड्यात उभं राहायची मुभा दिली. कान झाकायला बांधकामावर वापरतात तसले इअरमफ हार्डवेअरच्या दुकानात ६५० रुपयांना मिळाले, ते दोन घेतले. ते मुलाच्या हाताशी ठेवायचे आणि कधी घालायचे ते त्याने ठरवायचं. "अभ्यास केलास तर देईन" असं त्यांचं बक्षीस करायचं नाही.

उजेडाचं काम त्यामानाने लवकर झालं. जुन्या चोकच्या लुकलुकणाऱ्या ट्यूबच्या जागी एलईडी ट्यूब लावल्या, चार ट्यूबचे ९०० रुपये. बसण्याच्या जागेबद्दल मात्र सांगायला हवं, कारण "लक्ष राहावं" म्हणून ऑटिस्टिक मुलाला हमखास पहिल्या बाकावर बसवतात. तिथे पाठीमागे पूर्ण वर्ग असतो, मागून कुणाचा धक्का लागेल, कोण ओरडेल याचा अंदाज येत नाही, आणि मूल सारखं वळून बघतं. आम्ही तिघांनाही भिंतीला लागून, दाराजवळ, दुसऱ्या किंवा तिसऱ्या बाकावर बसवलं. पाठीला किंवा एका बाजूला भिंत, आणि उठून बाहेर जायला रस्ता मोकळा.

शांत कोपऱ्यासाठी वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात सतरंजी, दोन उशा आणि दोरीवर अर्ध्या उंचीचा सुती पडदा लावला, ५०० रुपयांत झालं. हे करणं सोपं आहे, टिकवणं कठीण. दोन प्रकारे ते बिघडतं. एक, शिक्षक दमले की "जा, कोपऱ्यात बस" म्हणतात, आणि दोन दिवसांत ती शिक्षेची जागा होते. दुसरं, बाकीच्या मुलांनाही तिथे जावंसं वाटतं आणि गर्दी होते. म्हणून नियम तीनच ठेवले: पाठवायचं नाही, आपण जायचं; एका वेळी एक जण; आत गेलेल्याशी बोलायचं नाही. कोपरा सगळ्या वर्गाचा ठेवला. ऑगस्टपर्यंत तिथे सर्वांत जास्त वेळा जाणारी मुलगी ऑटिस्टिक नव्हती. तिच्या घरी त्या महिन्यात आजारपण होतं.

चित्रांच्या वेळापत्रकाबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि बहुतेक शाळांत ते तिसऱ्या दिवशी बंद पडतं. कारणं ठरलेली आहेत. पट्टी फळ्याच्या वर, मुलाच्या हाताबाहेर लावलेली असते. कार्ड बदलायचं काम शिक्षकांकडे असतं आणि तासाच्या गडबडीत ते राहून जातं. पावसाळ्यात लॅमिनेशनच्या कडा सुटतात, कारण कार्ड अगदी कडेला कापलेलं असतं. चहूबाजूंनी अर्धा सेंटीमीटर प्लास्टिक सोडावं लागतं. वेलक्रो फेविकॉलने चिकटत नाही. तो कापडी पट्टीवर शिवून घ्यावा, गावातला शिंपी वीस-तीस रुपयांत शिवून देतो. पट्टी मुलाच्या छातीच्या उंचीवर, डावीकडून उजवीकडे, एका वेळी सहा कार्डं, शेवटी "संपलं" असा खिसा. तास संपला की कार्ड काढून खिशात टाकायचं काम मुलाचंच. दुसरीत हळूहळू सगळा वर्ग त्या पट्टीकडे बघू लागला, आणि "बाई, आता काय?" हा दिवसभराचा प्रश्न कमी झाला.

"बदल" असं एक पिवळं कार्ड जरूर करा. ते पहिल्यांदा दाखवताना बदल मुलाच्या आवडीचा हवा. आम्ही गणिताच्या जागी मैदान, असा बदल आधी तीन-चार वेळा केला. मग गुरुजी रजेवर असण्यासारखे नावडते बदल त्याच कार्डाने सांगितले. सुरुवातच वाईट बातमीने झाली, तर त्या कार्डाचा रंग दिसला तरी मूल घाबरतं.

दुसरीतल्या मुलाशी बोलणं हा सगळ्यात मोठा विषय होता. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ॲप मोफत आहे आणि मराठीत चालतं. त्याच्या वडिलांच्या जुन्या फोनवर ते घातलं. पण फोनची बॅटरी दुपारी संपते आणि पावसात तो बाहेर काढता येत नाही, म्हणून त्याच चित्रांचा कागदी तक्ता करून गळ्यातल्या दोरीला लावला. पहिल्या वीस चित्रांत "नको", "थांबा", "अजून", "मदत", "पाणी", "शू", "दुखतंय", "बाहेर", "संपलं" हवीतच. आणि त्याला आवडतात म्हणून रेल्वेची तीन इंजिनं. शिक्षक बहुतेक वेळा "पाणी", "खाऊ" अशा मागण्यांपासून सुरू करतात आणि "नको" विसरतात. नकार देता आला नाही तर मूल चावतं, फेकतं, पळतं. त्याच्याकडे दुसरं साधन नसतं.

पहिले कित्येक आठवडे त्याने तक्त्याला हातही लावला नाही. या काळात शिक्षकांचा धीर सुटतो. करायचं एवढंच, की आपण बोलताना आपणच चित्रावर बोट ठेवायचं: "आता गणित संपलं", बोट "संपलं"वर. बाई रोज करत राहिल्या. तान्हं मूल आपलं बोलणं ऐकत वर्षभर राहतं आणि मग पहिला शब्द काढतं, तसंच हे आहे. गणपतीच्या सुट्टीनंतर, सप्टेंबरच्या मध्यावर त्याने पहिल्यांदा "नको"वर बोट ठेवलं. समोर रंगकामाचा तास होता, हाताला रंग लागणार होता. बाईंनी "बरं, नको" म्हणून त्याला खडू दिला. त्या क्षणी "थोडंसं तरी कर" म्हटलं असतं, तर तो तक्ता त्याच्यासाठी निरुपयोगी ठरला असता. नंतर बाई मला म्हणाल्या, "मॅडम, इतक्या वर्षांत नकार ऐकून आनंद कधी झाला नव्हता." तक्ता काढून घेणं ही शिक्षा कधीही असू नये, आणि "आधी तोंडाने बोल, मग देईन" असंही म्हणू नये.

शिक्षकांच्या स्वतःच्या सवयी बदलायला सर्वांत जास्त वेळ गेला. नजरेला नजर देण्याचा आग्रह सोडणं. हात फडफडवणं, पुढेमागे डोलणं, गुणगुणणं हे थांबवायचा प्रयत्न न करणं. त्यातून मूल स्वतःला सावरत असतं, आणि इजा होत नसेल तर आपण मध्ये पडायचं कारण नाही. एका वेळी एकच सूचना, "पळू नको"ऐवजी "चालत ये", आणि सूचना दिल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं. ही दहा अंकांची शांतता शिक्षकांना अस्वस्थ करते. ते सूचना पुन्हा देतात, वेगळ्या शब्दांत देतात, आणि मुलाला सगळं पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला पाऊण तास मिळाला होता. ऑटिझमची लक्षणं सांगण्यात तो घालवला नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. संवाद तुटतो तो दोन्ही बाजूंनी, हा मुद्दा त्यांनी २०१२ मध्ये मांडला: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळायला जड जातं, तसंच इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं कळत नाही. एवढं सांगून सहा रकान्यांच्या नोंदी वाटल्या आणि शेवटचा रकाना वाचायला लावला. सप्टेंबरमध्ये एका ऑटिस्टिक तरुणाला ऑनलाइन बोलावलं. प्रश्न आधी लिहून पाठवले, कॅमेरा बंद ठेवायची मुभा दिली, आणि २,००० रुपये मानधन शिक्षकांनी वर्गणी काढून दिलं. माझ्या सगळ्या प्रशिक्षणापेक्षा त्या तासाचा परिणाम मोठा झाला. अशा माणसाला फुकट बोलावू नये. स्वयंपाकी मावशी आणि शिपाईमामा यांनाही प्रशिक्षणात बसवा. खिचडीच्या रांगेतला प्रश्न मावशींनीच सोडवला: दुसरीतल्या मुलाचं ताट त्या पाच मिनिटं आधी वाढू लागल्या, आणि डाळ-भात एकत्र न करता वेगळे ठेवू लागल्या.

त्रास असह्य होऊन मुलाचं भान हरपून कोसळणं (मेल्टडाउन) थांबत नाही, कमी होतं. त्यासाठी शिक्षकखोलीच्या भिंतीवर एक कागद लावला होता. बोलणं बंद करा. एकच मोठा माणूस जवळ राहील, बाकीच्या मुलांना दुसरे शिक्षक बाहेर नेतील. धोका नसेल तर हात लावू नका. पंखा-दिवे बंद करा. पाणी जवळ ठेवा, घ्यायला सांगू नका. शांत झाल्यावर "का केलंस?" विचारू नका आणि माफी मागायला लावू नका. पुढचा एक तास अभ्यास नको. चौथीतली मुलगी अशी कोसळत नाही, ती आतल्या आत बंद होते: मान खाली, उत्तर नाही, हात गार. तिच्या बाकावर एका बाजूला हिरवं, दुसऱ्या बाजूला लाल कार्ड ठेवलं. लाल असेल तर बाई तिला प्रश्न विचारत नाहीत. मोठ्याने वाचायची सक्ती काढली, मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं वाचनालयात एकटं बसायची सोय केली. ऑक्टोबरात आईने कळवलं की कपाटामागे बसणं आठवड्यातून एखाद्या वेळी होतं आहे.

वर्गातल्या मुलांना निदान सांगायचं का, हा प्रश्न प्रत्येक शाळेत येतो. मुलाच्या आणि पालकांच्या संमतीशिवाय नाही. त्याऐवजी प्रत्येकाने "मला काय सोसत नाही" हे चिठ्ठीवर लिहिलं. खडूचा आवाज, ओल्या मोज्यांचा स्पर्श, फोडणीचा ठसका, अंधार. मग इअरमफबद्दल कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, बाकीच्या मुलांचं नुकसान होत नाही का? मुख्याध्यापकांनी शांतपणे त्यांना वर्गात नेऊन अर्धा तास बसवलं.

पैशांचं सांगायचं तर तिन्ही वर्गांचा मिळून खर्च सहा हजारांच्या आत राहिला. शंभर ते अडीचशे पटाच्या सरकारी शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ५० हजारांचं संयुक्त शाळा अनुदान धरलेलं असतं. त्यातून खर्च करायला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो. तो जूनच्या पहिल्याच सभेत घ्या आणि "अध्ययन साहित्य व वर्गसुविधा" असं मोघम न लिहिता वस्तूंची नावं लिहा, म्हणजे लेखापरीक्षणात अडत नाही. अनुदान वर्षात उशिरा येतं, तोवर लोकवर्गणीवर भागवावं लागतं.

आता कागद. पालकांनी जुलैत स्वावलंबन या दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज केले. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा एवढंच लागतं, पण आधारवरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. सहावीतल्या मुलाच्या वडिलांच्या नावात एका वेलांटीचा फरक होता, आधार दुरुस्तीत दीड महिना गेला. सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळाची तारीख ऑक्टोबरात मिळाली. तिथे भारतीय ऑटिझम मापनश्रेणी वापरतात: ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण, एकूण ७० च्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत. आईवडील तिथे घाबरून "तसं बरं आहे, सगळं करतो" असं सांगतात आणि गुण कमी पडतात. शिक्षकांच्या नोंदींची झेरॉक्स आणि घरचे दोन-तीन व्हिडिओ बरोबर न्या. चौथीतल्या मुलीच्या बाबतीत त्याचाच उपयोग झाला, कारण तपासणीच्या खोलीत ती नीट बोलत होती. त्या दिवशी मानसतज्ज्ञ नसल्याने सहावीतल्या मुलाला डिसेंबरची तारीख मिळाली. जानेवारीत पहिलं दिव्यांगत्वाचं कार्ड (यूडीआयडी) आलं, सहावीतल्या मुलाचं मार्चमध्ये. कार्ड येताच ते तात्पुरतं आहे का आणि मुदत कधी संपते ते बघा, नूतनीकरणाची तारीख शाळेच्या नोंदवहीत लिहा.

यू-डायस प्लसमध्ये दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना घाईत "बौद्धिक अक्षमता" निवडलं जातं. सहावीतल्या मुलाची जुनी नोंद तशीच होती. गट साधन केंद्रातून ती दुरुस्त होते, पण नोंदी बंद होण्याच्या आत. दिव्यांग मुलींसाठी महिना २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता वर्षातले दहा महिने मिळतो, त्यासाठीही ही नोंद बरोबर लागते.

पहिल्या संकलित मूल्यमापनाच्या वेळी कुणाकडेच प्रमाणपत्र नव्हतं. तरी वेगळी शांत खोली, जास्त वेळ, एका पानावर एकच प्रश्न, एवढं मुख्याध्यापकांच्या अधिकारात करता आलं. दुसरीतल्या मुलाने चार पर्यायांतून बोट ठेवून उत्तरं दिली. सहावीतल्या मुलाची गणितं चौकटीच्या वहीत घेतली, एका चौकटीत एक अंक, आणि भाषेला लेखनिक दिला. लेखनिकाबरोबर सराव लागतो. सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा केलं तर मूल गोंधळतं. दर तासामागे २० मिनिटं जादा, लेखनिक, अशा सवलती दहावीलाही मिळतात, पण अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे वेळेत जावा लागतो. खालच्या वर्गांपासून सवलती वापरल्याच्या नोंदी ठेवल्या तर तेव्हा धावपळ होत नाही. एका गुरुजींनी विचारलं, हा इतरांवर अन्याय नाही का? त्यांना दोन्ही पेपर दाखवले. प्रश्न तेच होते.

नोव्हेंबरात, दिवाळीनंतर, वैयक्तिक शैक्षणिक आराखडे नव्याने लिहिले. जुन्या आराखड्यांत "डोळ्यांत बघून बोलेल", "एका जागी ३० मिनिटं बसेल", "हात हलवणं कमी करेल" अशी उद्दिष्टं होती. ती काढून टाकली. नव्यांत निम्मी उद्दिष्टं मोठ्यांची ठेवली: "त्रास झाला की मूल लाल कार्ड फिरवेल; शिक्षक काहीही न विचारता ते मान्य करतील." मुलाचं उद्दिष्ट पुरं झालं नाही, तर आधी मोठ्यांचं झालं का ते बघायचं. वर्षभरात मला सगळ्यात उपयोगी वाटलेली रीत ही आहे.

स्नेहसंमेलनाला सहभाग हवा म्हणून नाचात उभं करायचं नाही, विचारायचं. चौथीतल्या मुलीने कार्यक्रमपत्रिका लिहून दिली, सहावीतल्याने पडदा सांभाळला, दुसरीतला तालमींना आला आणि कार्यक्रमाला आला नाही. तिन्ही ठीक आहे.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली आणि बसलेली घडी विस्कटली. झोप, नाश्ता, सूर्याचा उजेड कुठून येतो, सगळंच बदलतं. दुसरीतला मुलगा पहिले आठ दिवस रोज अकराच्या सुमारास कोसळत होता. वेळ बदलण्याआधी आठवडाभर घरी घड्याळाचं चित्र लावून पंधरा-पंधरा मिनिटांनी उठण्याची वेळ अलीकडे आणायला सांगा. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना विशेष शिक्षकांची पदं ठरवून जाहीर करायला सांगितलं. प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक, हे प्रमाण २०२१ मध्येच ठरलं आहे. आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसावर हे काम चालवणं किती अपुरं आहे, हे या शाळेतल्या शिक्षकांइतकं कुणाला माहीत नसेल.

वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल चालल्या. त्या संपायची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात पुढच्या वर्गाच्या शिक्षकांकडे माहितीचं हस्तांतर केलं, कारण सुट्टी लागली की शिक्षक भेटत नाहीत आणि बदल्याही होतात. प्रत्येक मुलाचं एक पान: काय आवडतं, नकार कसा देतो, त्रासाच्या वेळा, काय चालतं, काय करायचं नाही. सोबत नोंदींची वही, आराखडा, कार्डाची झेरॉक्स. दोन्ही शिक्षक आणि पालक एकत्र बसले, मुलांनी आपल्या पानात हवे ते बदल केले. सहावीतल्या मुलाने "गणितात मदत लागत नाही" हे वाक्य स्वतः घालून घेतलं. नव्या वर्गांचे फोटो काढून झाले आहेत. तिसरीच्या वर्गातल्या ट्यूब अजून जुन्याच आहेत, त्या १६ जूनच्या आत बदलायचं समितीच्या ठरावात घेतलं आहे.